पिशवी गेल्यानंतरची तीस वर्षे

रजोनिवृत्तीबद्दल मराठीत आता बऱ्यापैकी मोकळेपणाने लिहिले-बोलले जाते. पुरवण्यांतून स्त्रीरोगतज्ज्ञ आहार, झोप, चिडचिड यांवर सल्ले देतात आणि महिला मंडळांत व्याख्याने होतात. हे चांगलेच आहे. पण या साऱ्या लिखाणात एक ठरावीक बाई गृहीत धरलेली असते. तिचे वय अठ्ठेचाळीस-पन्नास, मुले मार्गी लागलेली, बारा महिने राहायला एकच पत्ता आणि दवाखाना रिक्षाच्या अंतरावर. तिची पाळी वर्ष-दोन वर्षे मागेपुढे होत आपल्या गतीने थांबते. बीड जिल्ह्यातल्या हजारो ऊसतोड बायकांची पाळी अशी थांबलेली नाही. ती तिशी-पस्तिशीत शस्त्रक्रियेच्या टेबलावर थांबली, आणि त्यानंतर त्या पुढच्या हंगामाला निघून गेल्या. रजोनिवृत्तीचा अनुभव संस्कृती घडवते असे म्हणतात आणि ते काही अंशी खरेही आहे. मात्र आपण संस्कृतीच्या खात्यावर टाकतो त्यातला मोठा भाग कामाच्या अटींचा असतो, आणि या बायकांच्या बाबतीत त्या अटी स्थलांतर ठरवते. हे नीट ओळखले नाही, तर आपण उपायही चुकीच्या ठिकाणी शोधत राहू.

हा विषय २०१९ मध्ये राज्यात आणि राज्याबाहेरही गाजला. त्या वर्षी जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या थोडे वर आहे. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असल्याने थेट भागाकार करून ‘इतके पट’ म्हणणे बरोबर होणार नाही, पण हा फरक पद्धतीच्या वेगळेपणाने भरून निघण्याजोगा नाही. तेव्हाची चर्चा मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरली : शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या का, आणि त्यातून कोणी कमावले? दोन्ही प्रश्न रास्त होते. या तेरा-चौदा हजार बायकांच्या शरीराचे पुढे काय होणार, हा तिसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. त्यांच्यापुढे अजून तीस-पस्तीस वर्षांचे आयुष्य होते.

पाळी इतक्या लवकर नकोशी का होते, हे समजायला ऊसतोडीचा हिशोब पाहावा लागतो. इथे मजुरी माणसाच्या नावावर नसते, जोडप्याच्या असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे किंवा कर्नाटकात निघण्याआधी मुकादम कोयत्याला उचल देतो आणि ती हंगामभर टनाच्या दराने फेडायची असते. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे पुन्हा अंगावर. अर्ध्या कोयत्याला किंमत नसल्याने बाई आजारी पडली तरी खाडा दोघांचा लागतो. पहाटे स्वयंपाक उरकून फडात जायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. गाडी रात्री लागली तर रात्री भरायची. मुक्कामाला कोपी, तिथे संडास नाही की न्हाणी नाही. अशा ठिकाणी पाळीचे दिवस, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटातली कळ यांचा त्रास शरीराला होतोच, शिवाय तो मुकादमाच्या वहीतही चढतो. त्यात बीड जिल्ह्यात बालविवाहाचे प्रमाण प्रचंड. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत इथल्या विशीतल्या तरुणींपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्ने अठराच्या आत झालेली दिसली. लवकर लग्न, लवकर बाळंतपणे, लवकर नसबंदी. पंचविशी ओलांडेपर्यंत घर आणि दवाखाना दोघांच्याही लेखी पिशवीचे काम संपलेले असते. पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे अनेक बायकांनी पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना सांगितले आहे. शस्त्रक्रियेचा खर्च भागवायला पुन्हा कर्ज किंवा उचल घ्यावी लागते आणि ती फेडायला पुन्हा फड गाठावा लागतो.

आता संस्कृतीकडे येऊ. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्शा फ्लिंट यांनी १९७५ मध्ये राजस्थान आणि हिमाचल प्रदेशातल्या राजपूत स्त्रियांवरचे आपले निरीक्षण मांडले. पाळी जाण्याचा त्रास या स्त्रियांनी जवळजवळ सांगितलाच नाही. फ्लिंट यांचा तर्क असा की, पाळी गेल्यावर या स्त्रिया पडद्याबाहेर येऊ शकत, पुरुषांच्या बैठकीत बसू शकत, त्यांचा मान वाढे. पाश्चात्त्य स्त्रीला वय वाढण्याची शिक्षा मिळते आणि इथे बक्षीस मिळते, असा त्या मांडणीचा रोख होता. तेव्हापासून हा युक्तिवाद आपल्याकडेही आवडीने वापरला जातो. विटाळ संपला, देवघर मोकळे झाले, बाई घरातली कर्ती झाली, मग तक्रार कसली? यात तथ्य नाही असे नाही. पण हे बक्षीस कोणाला मिळते ते पाहायला हवे. पडद्याबाहेर येण्यात मुक्ती तिलाच वाटणार, जिला आधी घरात कोंडून ठेवले होते. त्यासाठी घर लागते, उंबरठा लागतो, वय वाढल्यावर हाताखाली येणारी सून लागते. फडातली बाई पहिल्यापासून उघड्यावरच आहे, पुरुषांच्या बरोबरीने राबते आहे. तिला पाळीपासून हवी असलेली सुटका देवघरासाठी नाही, खाड्यापासून आहे. ‘आता मोकळी झाले’ हे शब्द दोघींच्याही तोंडी येतील, पण त्यांमागचे व्यवहार अगदी निराळे आहेत, आणि ते एकाच ‘भारतीय संस्कृती’त कोंबणे म्हणजे अभ्यासाचा आळस आहे.

रजोनिवृत्तीचा त्रास सगळीकडे सारखा नसतो हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. मार्गारेट लॉक यांचे १९९३ मधले जपान आणि उत्तर अमेरिकेची तुलना करणारे पुस्तक या क्षेत्रात पायाभूत मानले जाते. जपानी स्त्रियांनी अंगातून गरम वाफा येण्याची तक्रार खूपच कमी केली. खांदे आखडणे, डोके दुखणे यांविषयी त्या अधिक बोलल्या. त्यानंतर अमेरिकेत १९९० च्या दशकात पाच वंशगटांतल्या तीन हजारांहून अधिक स्त्रियांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्याचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष असा की, गरम वाफांचा त्रास साधारण ७.४ वर्षे चालतो. जपानी वंशाच्या स्त्रियांत तो ४.८ वर्षे, तर कृष्णवर्णीय स्त्रियांत १०.१ वर्षे. हा फरक नुसता वंशाचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच अभ्यासात अधिक मानसिक ताण आणि कमी शिक्षण असलेल्या स्त्रियांचा त्रासही जास्त काळ टिकलेला दिसला. संस्कृतीमागे परिस्थिती उभी असते ती अशी. (या पाच गटांत दक्षिण आशियाई स्त्रिया नाहीत, हेही जाता जाता नोंदवावे.) आपल्या भागातल्या स्त्रियांविषयीचे धागेदोरे ब्रिटनमधून मिळतात. बर्मिंगहॅममधल्या भारतीय उपखंडातून आलेल्या स्त्रिया, तिथल्याच गोऱ्या स्त्रिया आणि दिल्लीतल्या स्त्रिया यांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. गरम वाफांच्या बाबतीत देश सोडून गेलेल्या स्त्रिया दिल्लीकरणींपेक्षा आपल्या गोऱ्या शेजारणींच्या जवळ होत्या. सिल्हेटहून लंडनला गेलेल्या बांगलादेशी स्त्रियांच्या अभ्यासातून आणखी खोलवरची गोष्ट पुढे आली. प्रौढ वयात स्थलांतर केलेल्यांच्या बीजांडकोशातला साठा युरोपीय स्त्रियांपेक्षा कमी होता, तर लहानपणीच लंडनला गेलेल्यांची स्थिती बरी होती. वंश एक, भाषा एक, चालीरीती एक. फरक होता तो बालपण कुठे गेले याचा, म्हणजे तिथल्या पाण्याचा आणि रोगराईचा. म्हणजे शरीर जागेचा हिशोब ठेवते. पण हे सारे अभ्यास विमानाने झालेल्या स्थलांतराचे आहेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून दरवर्षी सहा महिने होणारे आणि दरवर्षी परतणारे स्थलांतर रजोनिवृत्तीच्या अभ्यासकांच्या दृष्टीस क्वचितच पडते.

गर्भाशय काढल्यावर नेमके काय होते, याबद्दल बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना नीट सांगितले जात नाही, म्हणून ते इथे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले, तर इस्ट्रोजेन एकदम तुटते आणि रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. निसर्गतः पाच-सात वर्षांत व्हायचा बदल काही दिवसांत होतो आणि म्हणून त्याचा त्रासही तीव्र असतो. पंचेचाळिशीच्या आत असे झाल्यास हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्रात आता वादाचे राहिलेले नाही. बीजांडकोश ठेवले तर तातडीची रजोनिवृत्ती टळते, पण ते पूर्वीइतकी वर्षे काम देतीलच असे नाही. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बीजांडकोश शाबूत ठेवून गर्भाशय काढलेल्या स्त्रियांपैकी १४.८ टक्के स्त्रियांचे बीजांडकोश चार वर्षांत निकामी झाले होते. गर्भाशय असलेल्या स्त्रियांत हे प्रमाण ८ टक्के होते. भारतीय स्त्रीची पाळी मुळातच सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते, पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा चार-पाच वर्षे आधी. त्यातून आणखी काही वर्षे वजा झाली, तर हातात काय उरते ते पाहावे. याहून गंभीर गोष्ट म्हणजे पिशवी नसलेल्या बाईला रजोनिवृत्तीची खूणच मिळत नाही. इतर बायकांना पाळी चुकते तेव्हा कळते की बदल सुरू झाला. हिची पाळी आधीच गेलेली. अडतिसाव्या वर्षी रात्रीची झोप उडाली, छाती धडधडू लागली, सांधे धरले, अंगाची आग होऊ लागली, तर ती त्याचा संबंध कशाशी जोडणार? ती गावातल्या दवाखान्यात जाते, सलाईन लावून घेते, वेदनाशामक गोळ्या घेते आणि फडात परतते. ज्या हाडांतून इस्ट्रोजेनचा आधार गेला आहे, त्यांच्यावर पुन्हा चाळीस किलोची मोळी येते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, या शस्त्रक्रिया बायका स्वतःच मागतात. पाळीच्या कटकटीतून सुटका हवी असेल तर तो त्यांचा निर्णय आहे. शहरात बसून त्यांना बळी ठरवणारे तुम्ही कोण? आक्षेपातला स्वाभिमान मला मान्य आहे. या बायका भोळ्या नाहीत. त्यांच्यापुढे जो हिशोब आहे तो त्या चोख करतात. पण निवड खरी ठरायला दोन गोष्टी लागतात, पर्याय आणि माहिती. फडाजवळ संडास, पाणी, आजारपणाची बिनकपातीची सुट्टी आणि साध्या जंतुसंसर्गावर वेळेत औषध मिळाले असते, तरी त्यांनी हाच निर्णय घेतला असता का? बीजांडकोश काढणार की ठेवणार, हे त्यांना विचारले गेले का? अनेकींना आपले नेमके काय काढले हेच ठाऊक नसेल, तर त्याला निर्णय म्हणणे जड जाते. ऊसतोडीबाहेरही चित्र फार वेगळे नाही. देशभरात अशा शस्त्रक्रियांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक खासगी दवाखान्यांत होतात, त्यावेळी स्त्रीचे सरासरी वय चौतिशीच्या आसपास असते आणि कमी शिकलेल्या स्त्रियांत त्यांचे प्रमाण जास्त आढळते. मोकळ्या निवडीचा कल नेमका कमी शिकलेल्यांकडेच झुकावा, हा योगायोग मानायला माझे मन तयार नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा आणि तो अधिक वजनदार. काहींना ही शस्त्रक्रिया खरोखरच लागते. मोठ्या गाठी, अंग बाहेर येणे, कर्करोग, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव. सरसकट संशय घेतला तर गरजू बाईची वाट अडेल. २०१९ नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर, अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. नियंत्रण हवेच. तरीही एकट्या परवानगीच्या कागदावर विसंबणे मला पुरेसे वाटत नाही. हा नियम जिल्ह्याच्या हद्दीत चालतो आणि ही बाई अर्धे वर्ष हद्दीबाहेर असते. शिवाय परवानगी नाकारली, तरी रक्तस्राव आणि दुखणे तिथेच राहते. शस्त्रक्रिया नाकारलेल्या बाईला दुसरा उपचार कोण देणार, हे ठरवल्याशिवाय नकार देणे म्हणजे तिला खाड्याच्या तोंडी देणे. पाळीच्या अतिरक्तस्रावावर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचे हार्मोनयुक्त साधन आहे. ते ग्रामीण रुग्णालयात मिळाले, तर परवानगीची वेळच अनेकदा येणार नाही.

तिसरा युक्तिवाद ऐकायला आधुनिक वाटतो : तोडणी यंत्रे येत आहेत, प्रश्न आपोआप मिटेल. यंत्रे येतील तेव्हा येतील. ज्यांच्या पिशव्या गेल्या त्यांची हाडे काही यंत्र परत देणार नाही. उलट ऊसतोड हातची गेली, तर हीच बाई वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाईल. तिथेही मुकादम असतोच, नाव फक्त वेगळे.

मग करायचे काय? सर्वांत आधी, २०१९ च्या पाहणीत ज्या १३,८६१ जणी सापडल्या, त्यांना पुन्हा शोधणे. त्यांची मोजदाद शासनाने स्वतः केली आहे. प्रत्येकीचे बीजांडकोश आहेत की नाहीत हे तपासणे, रक्तदाब, साखर, हाडे आणि हिमोग्लोबिन पाहणे, आणि ज्यांची रजोनिवृत्ती चाळिशीच्या आत आली आहे त्यांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हार्मोन उपचारांचा पर्याय देणे. या उपचारांची भीती २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेल्यापासून पसरली. त्या अभ्यासातल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, आणि त्याचे निष्कर्ष पस्तिशीतल्या बाईला लावणे चूक आहे हे तज्ज्ञ गेली कित्येक वर्षे सांगत आहेत. आपल्या आरोग्य यंत्रणेची अडचण अशी की, माता-बाल आरोग्याच्या योजना बाईला बाळंतपणापुरती ओळखतात आणि वृद्धांसाठीच्या योजना साठीनंतर. असंसर्गजन्य आजारांची तपासणी तिशीपासून सगळ्यांची होते, ती आशाताई दारी येऊन करते. त्या फॉर्ममध्ये ‘पिशवी काढली आहे का, कितव्या वर्षी, बीजांडकोश ठेवले का’ हे तीन प्रश्न घालायला नवा कायदा लागत नाही. शस्त्रक्रिया झाल्यावर बाईच्या हातात मराठीत लिहिलेला कागद द्यावा, त्यावर काय काढले आणि काय ठेवले हे स्पष्ट असावे. तो कागद कारखान्याच्या पत्त्यावर, परजिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही चालला पाहिजे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. हंगामात फिरत्या तपासणीसाठी त्याच्याकडून खर्च मागणे गैर नाही.

पण हा सगळा पुढचा उपचार झाला. मूळ ठिकाण मुकादमाच्या वहीत आहे. साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात साधारण तीन वर्षांनी करार होतो. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, मुकादमांच्या कमिशनवरही बोलणी झाली. वाटाघाटींच्या टेबलाशी बहुतांशी पुरुष बसतात आणि दर हाच विषय राहतो. खाड्याचा विषय कारखान्याचा नव्हे, मुकादम आणि मजुराच्या आपसांतला, असे म्हणून बाजूला पडतो. पुढच्या करारात आजारपणाचा आणि पाळीच्या त्रासाचा खाडा लावता येणार नाही, एवढे एक कलम यावे, आणि त्या दिवसांचा भार मुकादमावर न पडता कारखान्यावर पडावा. यावर साखर संघाचा आक्षेप खर्चाचाच असणार. तर मग टनामागे हा खर्च नेमका किती पडतो, याचा हिशोब त्यांनी टेबलावर मांडावा. वाद त्या आकड्यापासून सुरू होऊ शकतो.